लहान मुलांची नर्स व्हायचंय? मग आधी भागाकार पक्का करा

बारावीचा निकाल लागला की आमच्या गल्लीत माझा भाव वाढतो. एरवी ‘सिस्टर, जरा बीपी बघता का’ एवढ्यापुरती आठवण काढणाऱ्या घरांतून चहाची बोलावणी येतात. या वर्षी पहिलं बोलावणं शेजारच्या ताईंचं. त्यांच्या धाकटीनं ठरवून टाकलंय, नर्स व्हायचं आणि तेही फक्त लहान मुलांची. सीईटी देऊन झालीय. थोरली सुट्टीला माहेरी आलेली, तिचं आठ महिन्यांचं बाळ माझ्या मांडीवर येऊन माझा चष्मा ओढत होतं. धाकटीनं मोबाइल पुढे केला. इंग्लंडमधल्या कुठल्याशा विद्यापीठाचं पान, त्यावर ‘बालपरिचर्येची पदवी’ असं ठळक.

“काकू, ही डिग्री सोलापुरात कुठं मिळते?”

मिळत नाही. सोलापुरात नाही, पुण्यात नाही, मुंबईतही नाही. ताईंचा चेहरा पडला. पण ‘नाही’ म्हणून विषय संपत नाही, तिथून सुरू होतो.

इंग्लंडमध्ये नर्सिंगला प्रवेश घेतानाच शाखा निवडावी लागते. प्रौढांची नर्स, मुलांची, मानसिक आरोग्याची, की शिकण्यात अडचणी असणाऱ्यांची. साधारण तीन वर्षांची पदवी आणि त्यातला निम्मा वेळ थेट दवाखान्यात. मुलांसाठी वेगळं हॉस्पिटल लंडनमध्ये १८५२ सालीच सुरू झालं होतं, तेव्हा तिकडे ही वाट जुनी आहे. आपल्याकडे शिडी वेगळी लावलीय. आधी सगळ्यांची नर्स व्हायचं, मग मुलांची.

पहिली पायरी एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका आणि सुईण, दोन वर्षं. गावातल्या उपकेंद्रात लस टोचणाऱ्या, गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या सिस्टर बहुतेक या वाटेनं आलेल्या असतात. दुसरी जीएनएम, म्हणजे सर्वसाधारण नर्सिंग आणि सुईणपण, तीन वर्षांची पदविका. या दोन्हींना बारावी कुठल्याही शाखेची चालते. तिसरी बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं, आठ सेमिस्टर, आणि तिला बारावी सायन्सच लागतं, फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीसह. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करून पदवी घेता येते. म्हणजे आर्ट्सला गेलेल्या पोरीची वाट बंद नाही, फक्त लांबची आहे.

मुलांचा विषय स्वतंत्रपणे निवडता येतो तो एमएस्सीला. बीएस्सीनंतर निदान वर्षभर काम करायचं, मग दोन वर्षं ‘चाइल्ड हेल्थ नर्सिंग’. ज्यांना नवजात बाळांतच राहायचंय त्यांच्यासाठी एक वर्षाची निओनेटल नर्सिंगची पदविकाही आहे, तीही नोंदणी झालेल्या नर्सलाच.

धाकटीला हे अन्यायाचं वाटलं. “म्हणजे चार वर्षं म्हाताऱ्यांचं बघायचं?”

तिला मी अक्कलकोट किंवा करमाळा तालुक्यातलं एखादं आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणायला सांगितलं. सकाळी साप चावलेला शेतकरी, दुपारी अडलेली बाळंतीण, संध्याकाळी उलट्या-जुलाबानं मऊ पडलेलं पोर. ड्युटीवर सिस्टर एकच. म्हणून आपल्याकडे बीएस्सी झालेल्या मुलीची नोंदणी नर्स आणि सुईण अशी दुहेरी होते. शिवाय मुलांच्या वॉर्डात पेशंट कधी एकटा नसतो. बाळाबरोबर टाके न सुकलेली आई असते, शुगरची गोळी विसरलेली आजी असते. दोघींकडेही तुम्हालाच बघावं लागतं.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. मुलांच्या वॉर्डात दहा वर्षं हात बसलेल्या सिस्टरला बदलीच्या यादीत उचलून हाडांच्या वॉर्डात टाकतात. आणि एमएस्सी केलेली बहुतेक माणसं पाळण्यापाशी न राहता शिकवायला जातात, कारण पगार आणि बढती तिकडे आहे. मीही तीन वर्षं क्लिनिकल इन्स्ट्रक्टर होते, त्यामुळे मोठ्या तोंडानं बोलायला नको.

आता चार वर्षांत काय शिकवतात? पहिली दोन सेमिस्टर शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, आहार आणि नर्सिंगचा पाया. पाया म्हणजे अगदी पाया: पेशंटला न हलवता चादर कशी बदलायची, हात किती वेळ आणि कसे धुवायचे. मराठी माध्यमातल्या मुली इथं इंग्रजीच्या धास्तीनं रडतात. सहा महिन्यांत रडू थांबतं, कारण हाडांची नावं सोलापूरच्या पोरीला आणि दिल्लीच्या पोरीला सारखीच परकी असतात. दुसऱ्या वर्षी जंतुशास्त्र, औषधशास्त्र, मोठ्या माणसांचे आजार. मुलं येतात पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला. शेवटचं सेमिस्टर सगळंच इंटर्नशिप.

मुलांचा विषय सुरू झाला की आधीची दोन वर्षं शिकलेलं सगळं पुन्हा मांडावं लागतं, कारण आकडेच बदलतात. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला साठ ते शंभर. नवजात बाळाची एकशेवीस ते एकशेसाठ. मोठ्या माणसात जो आकडा बघून तुम्ही धावत सुटाल, तो बाळात बघून नुसती मान हलवायची. आणि उलटही: बाळाची नाडी सत्तरवर आली, तर मोठ्या माणसासाठी ती छान असते, बाळासाठी मात्र क्षणाचाही वेळ नसतो.

पण खरी गोम गणितात आहे. मोठ्या माणसाला ‘एक गोळी तीन वेळा’ म्हणून भागतं. मुलाचं जवळजवळ प्रत्येक औषध वजनावर चालतं. हे सांगताना मी धाकटीला म्हटलं, बाळासाठी घरात तापाचं औषध काय काय आहे ते घेऊन ये. तिनं फ्रिजच्या दारातून आणि कपाटातून मिळून तीन बाटल्या आणल्या. तिन्ही पॅरासिटामॉलच्या. एक ड्रॉप्सची, दोन सिरपच्या.

“बाळाचं वजन?”

“आठ किलो,” थोरली म्हणाली.

तापासाठी एका वेळची मात्रा धरतात किलोमागे पंधरा मिलिग्रॅम. आठ गुणिले पंधरा, एकशेवीस मिलिग्रॅम. आता बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाच म्हटलं. पहिल्या सिरपवर लिहिलंय ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम. म्हणजे ५ मिली द्यायचं. दुसऱ्या सिरपवर ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. म्हणजे २.४ मिली, निम्म्याहूनही कमी. आणि ड्रॉप्सवर १ मिलीमध्येच १०० मिलिग्रॅम. म्हणजे फक्त १.२ मिली.

थोरली गप्प झाली होती. मग म्हणाली, “मी तर कुठलीही बाटली असली तरी ते टोपण अर्धं भरून देते.”

टोपणानं माप मोजणाऱ्या घरात ड्रॉप्सची बाटली फार धोक्याची. त्यातले ५ मिली म्हणजे ५०० मिलिग्रॅम, या बाळासाठी चौपटीहून जास्त, आणि पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हरवर जातं. आपली समजूत अशी की ड्रॉप्स म्हणजे बाळाचं, म्हणजे सौम्य. प्रत्यक्षात ड्रॉप्स सगळ्यात कडक असतात, कारण बाळ थोडंच गिळतं आणि तेवढ्या थोड्यात औषध बसवायचं असतं. मात्रा किती ते डॉक्टर लिहितात. पण लिहिलेले मिलिग्रॅम आणि हातातली बाटली यांची गाठ घालणं हे नर्सचं काम, आणि घरी गेल्यावर ती गाठ आईला घालायला शिकवणं हेही नर्सचंच.

सलाईनचंही तसंच. मुलाला दिवसाला किती पाणी लागतं याचा एक साधा हिशेब १९५७ पासून वापरात आहे. पहिल्या दहा किलोंना किलोमागे १०० मिली, पुढच्या दहा किलोंना ५०, त्याच्या पुढे २०. चौदा किलोच्या पोराचे झाले १००० अधिक २००, बाराशे मिली. चोवीस तासांनी भागलं की ताशी पन्नास. मुलांच्या सलाईनच्या नळीत, म्हणजे सेटमध्ये, एक मिली म्हणजे साठ थेंब, त्यामुळे ताशी पन्नास मिली म्हणजे मिनिटाला बरोबर पन्नास थेंब. आकडा तोच राहतो. ही सोय इतकी गोड आहे की मुली ती पाठ करतात आणि सेट कुठला लावलाय ते बघायचं विसरतात. मोठ्यांचा वीस थेंबांचा सेट लावून तेच पन्नास थेंब सोडले, तर ताशी दीडशे मिली जातं. तिप्पट. मोठा माणूस ते लघवीवाटे काढून टाकेल, तान्ह्या बाळाच्या फुप्फुसात ते साठतं. आता पंप असतात, पण रात्री लाइट गेली आणि पंपाची बॅटरी उतरलेली असली की शेवटी घड्याळ आणि थेंबच उरतात.

किती थोडक्यात सगळा खेळ आहे बघा. दीड किलोच्या, दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं १२० ते १५० मिली. हॉटेलातल्या दोन कटिंगएवढं. तपासणीला प्रत्येक वेळी दोन-दोन मिली काढत राहिलं तर तपासण्यांनीच बाळ पांढरं पडेल. म्हणून लॅबला बाळांसाठी वेगळ्या, छोट्या ट्यूब मागायच्या, आणि काढलेलं रक्त वहीत लिहून ठेवायचं. लघवीसुद्धा मोजायची. ओलं डायपर काट्यावर ठेवायचं, कोरड्याचं वजन वजा करायचं, जितके ग्रॅम तितके मिली. धाकटी तोंड वाकडं करून हसली. हसू दे. तिसऱ्या वर्षी रात्री तीन वाजता तीच डायपर तोलत बसेल.

शीर मिळणं ही आणखी वेगळी विद्या. मोठ्यांना हिरवा नाहीतर गुलाबी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत बसवायची बारीक नळी, बाळाला पिवळा, अगदीच इवल्याला जांभळा. तो जेमतेम शेवयीएवढा. लागला की औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, त्याला कापूस आणि गॉज गुंडाळून हाताखाली फळी बांधायची, नाहीतर दहा मिनिटांत बाळ तो ओढून काढतं. ही फळी कशी करायची ते पुस्तकात आहे, पण शिकवते वॉर्डातली जुनी सिस्टर. आणि कधी कधी मावशी.

गणितानंतर दुसरी गोष्ट बघण्याची. बाळ सांगू शकत नाही कुठं दुखतं. म्हणून बघण्यालाही गुण द्यायला शिकवतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि जवळ घेतल्यावर शांत होणं, या पाचांना शून्य ते दोन गुण, एकूण दहापैकी. जास्त गुण म्हणजे जास्त वेदना. ही एकच परीक्षा अशी की जिच्यात कमी मार्क पडले तर सगळे खूश.

श्वास मोजणं मी कसं शिकले ते सांगते, कारण ते चुकून शिकले. ट्रेनिंगला असताना वीस दिवसांच्या बाळाचे श्वास मी पंधरा सेकंद मोजले, चारनं गुणले आणि चार्टवर छत्तीस लिहून मोकळी झाले. मोठ्यांमध्ये असंच करायचे ना. राउंडला आलेल्या सिस्टरनी काही न बोलता बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, आता पूर्ण मिनिट. चौसष्ट आले. नवजात बाळ एका लयीत श्वास घेत नाही. भराभर घेतं, मग पाच-सात सेकंद थांबतं, पुन्हा भराभर. माझे पंधरा सेकंद नेमके त्या थांबण्यावर पडले होते. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास असले की तो धोक्याचा इशारा धरतात. दोन महिने ते वर्षापर्यंत हा आकडा पन्नास, वर्ष ते पाच वर्षांपर्यंत चाळीस. बाळ शांत असताना, शक्यतो आईच्या मांडीवर, पूर्ण एक मिनिट. त्या बाळाला न्यूमोनिया होता. माझा छत्तीसचा आकडा तसाच राहिला असता तर काय, हे मी आजही फार वेळ मनात येऊ देत नाही.

अभ्यासक्रमात नसलेला एक विषय सोलापुरात मात्र आपोआप शिकावा लागतो, भाषांचा. शहराच्या पूर्वभागातली आई तेलुगू बोलते, अक्कलकोटकडची कन्नड, कुणी दखनी. सिव्हिलला तर विजयपूर-कलबुर्गीकडूनही पेशंट येतात. दुखणं म्हणजे तेलुगूत ‘नोप्पी’, कन्नडमध्ये ‘नोवु’. दूध इकडे ‘पालु’, तिकडे ‘हालु’. एवढे चार शब्द आले तरी आईचा अर्धा ताण उतरतो, आणि आईचा ताण उतरला की बाळाचं रडणं कमी होतं.

डिस्चार्जच्या वेळचं बोलणंही इथल्या घरांत बसेल असं लागतं. विड्या वळणाऱ्या आईला ‘स्वच्छता पाळा’ म्हणून काही कळत नाही. तिला सांगायचं, विड्यांचं सूप बाजूला ठेवलं की तंबाखूचे हात साबणानं धुवायचे, मगच बाळाला पदराखाली घ्यायचं. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, घरोघरी ते भरून ठेवलेलं असतं. तिथं ‘ताजं पाणी वापरा’ सांगण्यात काय अर्थ? पाणी उकळा, झाका, दांड्याच्या ओगराळ्यानं काढा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदमच मिसळायचं, चिमूट-चिमूट करून कपात नाही, कारण मीठ-साखरेचं प्रमाण बिघडलं की औषधाचंच दुखणं होतं. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर गेला की प्रत्येक आजी विचारते, तान्ह्याला पाणी पाजू का? सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, उन्हाळ्यातही, फक्त जास्त वेळा पाजायचं. मध तर वर्षाच्या आत नकोच. आजीशी वाद न घालता हे पटवणं हे मला इंजेक्शनपेक्षा अवघड वाटतं.

ताईंना मात्र या सगळ्यापेक्षा प्रवेशाची काळजी. ते थोडक्यात. बीएस्सीला बारावीला भौतिक, रसायन, जीव मिळून ४५ टक्के, राखीव गटाला ४०, इंग्रजी विषय हवाच, आणि प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला सतरा वर्षं पूर्ण. राज्याची सीईटी वेगळी, तिच्यात हे तीन विषय, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल. मग कॅप राउंड, म्हणजे राज्याच्या एकत्रित प्रवेशाच्या फेऱ्या. जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल आत्ताच काढून ठेवा, राउंड सुरू झाल्यावर सेतूत रांग लावू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर.

कॉलेज बघताना इमारत बघू नका, तीन गोष्टी विचारा. भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत नाव आहे का, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का, आणि मुलांचं पोस्टिंग कुठं असतं, तिथं पाळणे किती. तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही. स्वतःच्या हॉस्पिटलात मुलांचे चारच बेड असतील तर चाळीस मुलींनी शिकायचं कुणावर?

आणि ‘सहा महिन्यांत नर्स’ अशी पाटी दिसली तर रस्ता बदला. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं असाच ‘बाल-नर्सिंग’चा कोर्स केला, बापानं कर्ज काढून. हातात रंगीत सर्टिफिकेट आलं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होईना, कारण तो कोर्स नर्सिंगचा नव्हताच. आता तिनं सगळं विसरून जीएनएमला नाव घातलंय. चोविसाव्या वर्षी.

नोकरीचं विचाराल तर नोंदणी झाली की सरकारी अधिपरिचारिकेच्या जागा, जिल्हा पातळीवर आजारी नवजात बाळांसाठीचे विशेष कक्ष, खासगी एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचे अतिदक्षता विभाग. एम्स या केंद्र सरकारच्या हॉस्पिटलांच्या भरती परीक्षेला बीएस्सीवाल्या मुली लगेच बसू शकतात, जीएनएमला पन्नास बेडच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. खासगीत सुरुवातीचा पगार ऐकून ताईंनी कप खाली ठेवला. मी काही सारवासारव केली नाही.

निघताना धाकटीला एक गणित देऊन आले. दोन किलोचं बाळ, डॉक्टरांनी अमिकासिन हे अँटिबायोटिक इंजेक्शन लिहिलंय, किलोमागे १५ मिलिग्रॅम. व्हायल २ मिलीची. सिरिंजमध्ये किती ओढशील?

रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप आलं. “काकू, ३० मिलिग्रॅम द्यायचं हे कळलं. पण व्हायलवर किती लिहिलंय ते तुम्ही सांगितलंच नाही. नेटवर बघितलं तर २ मिलीमध्ये १०० ची पण आहे आणि ५०० ची पण. १०० ची असली तर ०.६ मिली. ५०० ची असली तर .१२ मिली.”

दोन्ही उत्तरं बरोबर होती. या औषधाची मात्रा चुकली तर बाळाची किडनी आणि कान दोन्ही पणाला लागतात, ते मी सकाळी सांगेन असं ठरवलं. तेवढ्या रात्री एवढंच लिहिलं: टिंबाआधी शून्य लिहायचं. ०.१२. घाईत टिंब दिसलं नाही तर कुणीतरी बारा वाचेल.